मामा, वेग मी बदलला होता

मामा,

उद्या संध्याकाळी समितीच्या खोलीत तुझी शोकसभा आहे. पत्रक मी लिहायचं हे सगळ्यांनी मला न विचारताच ठरवलं, कारण आपल्या चाळीची पत्रकं गेली सहा वर्षं मीच लिहिते. 'झुंजार', 'निगर्वी', 'यंत्राचा जाणकार' असे शब्दही त्यांनी सुचवून ठेवलेत. ते पत्रक मी लिहीन. पण त्याच्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी तुला माहीत होती आणि मी तुला कधी सांगितली नाही.

यादीतली नावं तुझ्यामुळे गेली नाहीत. ती माझ्यामुळे गेली.

डिलाईल रोडवरची सगळी माणसं आठ महिने म्हणत राहिली, की बाबलने म्हातारपणी गेम खेळायला कॉम्प्युटरचा वेग वाढवला आणि घरांच्या यादीतली नावं खाल्ली. तू ऐकून घेत राहिलास. भागीरथीमावशीचं नाव यादीतून कायमचं सुटलं. जिन्यात तू समोर आलास की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मागच्या गुरुवारी तुला खाली आणलं तेव्हा सगळी चाळ खाली होती, आणि तिचं दार बंद होतं. त्या बंद दाराकडे बघत मी तुझ्या मागून चालत गेले. हे मी अजून किती दिवस चालू देणार आहे, एवढाच प्रश्न माझ्यापुढे आहे.

तो कॉम्प्युटर आपण दोघांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटा सुटा करून आणला होता, आठवतं? मला पत्रकं छापून घ्यायला जावं लागू नये म्हणून. दुकानदार अस्लमभाईने सगळ्यात स्वस्त प्रोसेसर दाखवला. माझं तोंड उतरलं. तो तुला म्हणाला, "चाचा, ये सस्ता है, मगर इसमें दम है." त्या वाक्यावर तू जो हसलास, त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. आमच्या खोलीत जागा नव्हती म्हणून यंत्र समोर तुझ्या खोलीत बसलं, दुरुस्तीला आलेल्या मिक्सर आणि पंख्यांच्या मधोमध. वाटणी ठरली. सकाळी मी लिहायचं, दुपारी तू गाडी चालवायची.

तुला आयुष्यात सायकल आली नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी तू मोटारींच्या शर्यतीत उतरलास. बाणांच्या बटणांवर तुझी दोन बोटं, आणि वळण आलं की तू खुर्चीत सगळाच डावीकडे कलायचास. आई दारातून तांदूळ निवडत बघायची.

"बाबल, खंय पोचलंस?"

"पुलाखाली."

"येताना कोथिंबीर घेवन ये."

पुलाखालचं ते तिसरं वळण. तिथे चित्र थिजायचं, आणि परत हलायचं तेव्हा तुझी गाडी भिंतीत घुसलेली असायची. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आपल्याला जमत नाही. तू आठवडाभर फक्त त्या वळणावर थांबून बघत राहिलास, आणि मग मला म्हणालास, "माझा हात चुकत नाही. हे अडखळतंय. भाराखाली सूत तुटतंय बघ." रिंग खात्यात फिटर म्हणून तू जेवढी वर्षं काढलीस, तेवढी वर्षं तुझं काम हेच होतं. सूत कातणाऱ्या हजारो चात्यांमध्ये नेमकी कुठली आणि का अडते, हे ऐकायचं.

अस्लमभाईकडे तीन चकरा मारून तू जी बातमी घेऊन आलास, त्यावरून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही.

"बाय, कळलं तुला? हा आतला प्रोसेसर आहे ना, तो महागड्याचा जवळपास भाऊच. एकाच घाण्यातून निघालेला. स्वस्तातला माल बाजारात हवा होता, म्हणून ह्याच्यावर कमी वेगाचा शिक्का मारला."

"मग?"

"मग काय? बदलीवाला आहे तो. काम कायमवाल्याचं येतं, शिक्का बदलीचा."

तू स्वतः अकरा वर्षं बदली होतास. रोज गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर डबा घेऊन घरी परत. त्यामुळे तुझ्या तोंडून 'बदलीवाला' हा शब्द आला की त्यात चेष्टा नसायची. पण मी बाबांच्या पत्रकांवर अक्षरं गिरवलेली मुलगी. गिरणी संपाच्या काळात घरात वर्तमानपत्र येत नव्हतं, स्टेन्सिलवर काढलेली पत्रकं होती, आणि मालक यंत्रं पळवून कामगारांना राबवायचे त्यासाठीचा 'वेगवाढ' हा शब्द मला 'भाकरी'च्या आधी वाचता यायला लागला होता. मी उसळले.

"म्हणजे त्याच्याकडून कायमवाल्याचं काम घेणार, आणि शिक्का बदलीचाच ठेवणार? मामा, मालकांनी दुसरं काय केलं?"

"मी त्याला राबवत नाही गो. त्याचं जे आहे ते त्याला देतोय."

"त्याने मागितलं?"

तू बशीत चहा ओतलास. मी जिंकले असं मला वाटलं. चहा संपवून, बशी उपडी घालून तू म्हणालास, "विचारून बघतो. विचारायची पण एक पद्धत असते."

ती पद्धत मी पाहिली, आणि पाहूनही शिकले नाही. इथे ती लिहितेय, कारण तुझ्या नावाला लागलेला डाग तुझ्या कामाच्या पद्धतीलाच लागला आहे.

सगळ्यात आधी तू माझी हार्डडिस्क काढलीस. यादी त्या डिस्कमध्ये होती. गिरणी कामगारांना घरं मिळायची तर कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, हजेरीच्या कुठल्या तिकीट नंबरावर होता ते लिहून द्यायचं होतं. लोक येऊन माझ्यासमोर बसायचे, सांगायचे, आणि मी टाइप करायचे. तू यादीची एक प्रत फ्लॉपीवर घेतलीस, फ्लॉपी आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवलीस आणि डिस्क रुमालात गुंडाळलीस. "नावं बाहेर. मग प्रयोग." अस्लमभाईकडून आणलेली एक जुनी, रिकामी डिस्क तू जोडलीस.

मग प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा. गरमी बाहेर काढायचं काम त्याचं. त्याचा खालचा पृष्ठभाग तुला पसंत पडला नाही. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून तू तो दोन दुपारी घासलास, वर्तुळात, एका हाताने, रेडिओ ऐकत. त्यात स्वतःची मिशी दिसायला लागली तेव्हा थांबलास. मधली पांढरी पेस्ट मी भरपूर लावायला निघाले, तर माझ्या हातावर चापट. "भातावर तूप वाढतेस काय? पतंगाला खळ लावतो तेवढी." मोठा पंखा बसवलास. अस्लमभाईने विजेचा दाबही थोडा वाढवायला सांगितला होता. तो तू वाढवला नाहीस. "आपल्या तब्येतीवर धावला तर धावू दे. दारू पाजून नाय धाववायचा."

यंत्र सुरू होताना जो निळा पडदा येतो, त्यात वेगाच्या चार पायऱ्या होत्या. सहासष्ट, पंचाहत्तर, त्र्याऐंशी, शंभर. तू सहासष्टवरून एकदम शंभरवर गेलास. मी बाजूला बसून पत्रक तपासत होते. तू मला काहीतरी समजावत होतास, की मधल्या पायऱ्यांवर प्रोसेसरबरोबर डिस्कचा रस्तासुद्धा जोरात धावायला लागतो, शंभरवर तो परत आपल्या जागेवर येतो. "मधे थांबायचं नाही," असं तू दोनदा म्हणालास. मला ती तुझी संपातली जिद्द वाटली. मी मान हलवली आणि एक वेलांटी दुरुस्त केली.

आणि मग तू पाळी केलीस. तुमच्या खात्यात फिटर लोकांचा एक नेम होता. ज्याने वेग वाढवला त्याने पहिली पाळी स्वतः यंत्रापाशी उभं राहायचं. बदलीवाल्याच्या गळ्यात मारून निघून जायचं नाही. आणि काय बदललं ते तिथेच खडूने लिहायचं, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला कळेल. तू सकाळी सातला बसलास तो तीनला उठलास. पडद्यावर गाडी नव्हती. नुसती आकडेमोड चालली होती, यंत्राला घाम फोडणारी. दर अर्ध्या तासाने तू तापमान बघायचास आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर खडूने लिहायचास. आई जेवणाचं ताट तिथेच घेऊन आली.

"कोणाच्या मयताक बसलंस असो?"

"गप रव. पाळीवर आसंय."

तीन दिवस तू तीन पाळ्या केल्यास. चौथ्या दिवशी माझी डिस्क परत जोडलीस, पत्र्यावर मोठ्या अक्षरात '१००' लिहिलंस, आणि गाडी काढलीस. पुलाखालचं वळण आलं, आणि गेलं. नुसतं गेलं. तू पूर्ण फेरी एकही शब्द न बोलता मारलीस. संपल्यावर खुर्ची वळवून आईला म्हणालास, "सूत तुटलं नाय." तुझा चेहरा एवढा तरुण मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नाही. मी मात्र काय म्हणाले? मी म्हणाले, "मालकही असेच खूश व्हायचे, मामा." तू हसलास आणि दुसरी फेरी सुरू केलीस.

आता माझं.

पंधरवड्याने यादी शेवटाला आली. ती सरकारी कचेरीत द्यायचा दिवस जवळ आला होता. रोज वीसेक माणसं तुझ्या खोलीच्या दारात रांगेने बसायची. उकाडा होता, कॅबिनेटचा पंखा घरघरत होता, आणि मला तो '१००' आकडा डोळ्यांसमोर सारखा दिसत होता. त्या दिवशी भागीरथीमावशी आली होती. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर, सत्तावीस वर्षं. ती आपल्या पुतण्याच्या खोलीबाहेर गॅलरीत झोपते, पावसाळ्यात प्लास्टिक लावून. तिने नाव, खातं, तिकीट नंबर सांगितला, मग पडद्याजवळ वाकून आपलं नाव बोट न लावता वाचलं. दुसऱ्या दिवशी मुलीच्या बाळंतपणासाठी ती गावी निघणार होती. "राहील ना गो ह्यात?" तिने विचारलं. मी म्हणाले, "मावशी, माझ्याकडे आहे म्हणजे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू डोळे तपासायला गेला होतास. रांग सुरू व्हायला अवकाश होता. मी यंत्र बंद करून परत सुरू केलं आणि निळ्या पडद्यात गेले. सहासष्टवर आणलं असतं तर दुपारी तुझी गाडी अडखळली असती आणि तुला कळलं असतं. शंभर ठेवायची मला भीती वाटत होती. मग मी त्र्याऐंशी केलं. तुझी गाडीही चालेल, माझी नावंही सुरक्षित. आयुष्यभर तडजोडीला शिव्या घालणाऱ्या मी ती तडजोड केली, आणि मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. पत्र्यावरचा '१००' पुसला नाही. खडू हातात घेतला नाही. पाळीला बसायचा तर विचारही शिवला नाही. दहा मिनिटांत पहिला माणूस समोर येऊन बसला आणि मी टाइप करायला लागले.

चौथ्या दिवशी फाइल उघडली तर माणसांच्या जागी चौकोन होते. चौकोन, उलटे प्रश्नचिन्ह, मधेच एखादं 'पाटील', मग परत चौकोन. मी रोज एकाच फ्लॉपीवर जुनी पुसून नवी प्रत घेत होते, त्यामुळे तीही नासलेल्याच फाइलची. शाबूत राहिली ती फक्त साड्यांखालची तुझी फ्लॉपी, आणि तिच्यात जुनी नावं होती. शेवटच्या पंधरवड्यातली सगळी गेली.

तीन दिवस आपण दारोदार फिरलो. तू वरळी कोळीवाड्यापर्यंत चालत गेलास, कारण तिथे दोघं राहायला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. जे सापडले त्यांची नावं परत लिहिली. भागीरथीमावशी गावी होती. गावात फोन नव्हता, पुतण्याला नंबर माहीत नव्हता. यादी तिच्यावाचून गेली. ती परत आली तेव्हा कचेरीतल्या माणसाने तिला सांगितलं, पुढच्या वेळी बघू.

समितीच्या बैठकीत मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण टाळ्या पडल्या होत्या. "यंत्राचा वेग वाढवला की आधी कोण मरतं ते आपण गिरणीत पाहिलंय. इथे आपली नावं मेली." तुझं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळ्या माना दाराकडे वळल्या, तू तिथे चपलांजवळ बसला होतास. भागीरथीमावशी उठली आणि तुझ्यापुढे जाऊन म्हणाली, "मेल्या, गाडी खेळान माजा घर खाल्लंस." तू वर बघितलंस. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणालास, "माझ्याकडून झालं असेल."

घरी आल्यावर चहा पिताना तू मला एकच प्रश्न विचारलास.

"बाय, तू खडूने लिहिलं नव्हतंस?"

"काय?"

"काय नाय."

"मी कशाला हात लावू तुझ्या यंत्राला?"

"बरं."

त्या 'बरं'पाशी मी आठ महिने अडकले आहे, मामा. नावं गेली त्या सकाळी तू यंत्र सुरू केलं असणार. सुरू होताना पडद्यावर वेग येतो. तुला आकडा दिसला असणार, आणि आपल्या घरात त्या यंत्राला हात लावणारी माणसं दोनच.

बैठकीत बोलताना मला खरंच वाटत होतं, की शंभरनेच आधी काहीतरी बिघडवून ठेवलं असेल. मी वेग कमी केला होता, कमी करणाऱ्याची चूक कशी असेल? माझं सगळं शिक्षण मला तेच सांगत होतं. पण हात लावला होता हे मला माहीत होतं आणि ते मी लपवलं, हे तिथल्या तिथे खोटं होतं. दोन दिवसांनी डिस्क घेऊन मी एकटीच अस्लमभाईकडे गेले. त्याने तपासली, विचारपूस केली, आणि कपाळाला हात लावला. "तिरासी पे कौन रखता है? चाचा को मैंने बोला था, बीच में मत रुकना. सौ पे रहने देते तो कुछ नहीं होता."

मी परत येताना ग्रँट रोडपासून चालत आले, तुला सांगायचं म्हणून. ताडदेवपर्यंत वाक्यं तयार होती. डिलाईल रोडच्या नाक्यावर दोन बायकांनी थांबवलं, म्हणाल्या, "तू आहेस म्हणून विश्वास आहे गो, नाहीतर ह्या पुरुषांचं काही खरं नाही." मी घरी पोचले आणि तुला सांगितलं नाही. माझ्यावरचा विश्वास गेला तर चळवळीचं नुकसान होईल, असं मी स्वतःला समजावलं. हे वाक्य मी ज्या पुढाऱ्यांच्या विरोधात पत्रकं लिहिली त्यांच्या तोंडीही असायचं.

तू काय केलंस? यंत्र सहासष्टवर आणलंस, ठोकळा, पंखा तसाच ठेवलास, पत्र्यावर '६६' लिहिलंस आणि पुन्हा कधी गाडी काढली नाहीस. दुपारची तुझी वेळही मला दिलीस. मी लिहीत असले की मागून येऊन वाचायचास. "तुझी सगळी वाक्यं उभी राहून ओरडतात. एखाद्याला खाली बसून बोलू दे." मी चिडायचे. आज हे लिहिताना मी एकेक वाक्य खाली बसवायला बघतेय. किती बसली ते सांगायला तू नाहीस.

तुझा मला रागही येतो. तू बोलायला हवं होतंस. बैठकीत एकदा म्हणायचं होतंस, "ही पोरगी खोटं बोलते." मी कोलमडले असते, पण खरं कारण लिहून मावशीचा उशिराचा अर्ज तेव्हाच गेला असता. तेव्हा मुदत उलटून चार दिवस झाले होते, आज आठ महिने झालेत. तू मला वाचवलंस आणि तिचं नाव त्यात गेलं. बदलीवाल्याबद्दल मी तुला जे विचारलं होतं, तेच तुला विचारायचं आहे. माझ्या वाट्याचा भार तू घेतलास, तो मी मागितला होता का? आणि मागितला नव्हता तर मी तो परत का घेतला नाही? ह्यातला पहिला प्रश्न तुझ्यासाठी आहे. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगलं नाही.

काल दुपारी मी भागीरथीमावशीकडे गेले. गॅलरीत ती मासे साफ करत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. निळा पडदा, त्र्याऐंशी, खडू, अस्लमभाई. तिचा हात चालूच होता. माझं संपल्यावरही दोन बांगडे झाले.

"तेका सांगलं होतंस?"

"नाही."

"तेका म्हायत होता?"

"हो."

"आणि तो गप रवलो?"

"हो."

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "जिन्यात एकदा माजी पिशवी उचलूक इललो. मी हिसकान घेतलंय. थुकलंय पण, मेली मी. आता ता मी खंय नेवन ठेवू?"

ती आत गेली, हात धुऊन आली, आणि माझ्यासमोर बसली. रडायला नाही.

"कागद हाडलंस?"

मी आणला होता. उशिरा अर्ज करणाऱ्यासाठी कचेरीत वेगळा नमुना मिळतो. त्यात नाव, गिरणी, खातं, तिकीट नंबर असे रकाने आहेत आणि शेवटी 'विलंबाचे कारण'. बाकीचं मी भरलं. तिकीट नंबर तिने एका दमात सांगितला. शेवटच्या रकान्याशी मी थांबले, आणि सवयीने 'तांत्रिक बिघाडामुळे' असं लिहायला घेतलं.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं.

"बिघाडाक हात असतत?"

मी तो शब्द खोडला आणि लिहिलं, "अर्जदार यांनी मुदतीत माहिती दिली होती. ती टंकलिखित करणाऱ्या व्यक्तीने संगणकाच्या वेगात कुणालाही न सांगता, न तपासता बदल केला व त्यामुळे नोंद नष्ट झाली. यात अर्जदार यांचा किंवा संगणकाची देखभाल करणारे कै. बाबल यांचा दोष नाही." खाली माझं पूर्ण नाव, पत्ता, सही. तिने ते ओठ हलवत वाचलं. 'कै. बाबल' ह्या शब्दांशी तिचं बोट थांबलं. मग तिने सही केली, वाइंडिंग खात्यात शिकवलेली, प्रत्येक अक्षर वेगळं.

"ह्या परवा सभेत वाचतलंस?"

"हो. मामाच्या पत्रकाआधी."

"सगळा? तुज्या नावासकट?"

"सगळं."

"मग मी येतलंय," ती म्हणाली, "पण माका पुढे बसव. तेच्या फोटोसमोर."

अर्ज आज सकाळी देऊन आले, मामा. घेणाऱ्याने शेवटचा रकाना वाचला, मान वर केली आणि विचारलं, "हे तुम्हीच?" मी हो म्हणाले. मंजूर होईल की नाही हे त्याला माहीत नव्हतं. उद्या मी त्याची प्रत सभेत वाचणार आहे. लोक काय म्हणतील ते ऐकून घेईन, सगळे उठेपर्यंत उभी राहीन. मावशीची खुर्ची मी आत्ताच मांडून आले, पहिल्या रांगेत, अगदी मधे.